किती लाइनची, हा प्रश्न शेवटी: पहिली लेझर लेव्हल निवडताना

लेझर लेव्हल म्हणजे भिंतीवर प्रकाशाची सरळ आडवी किंवा उभी रेषा, म्हणजेच लाइन, पाडणारं यंत्र. पुण्याच्या बोहरी आळीतल्या हत्यारांच्या दुकानात जाऊन "लेझर लेव्हल दाखवा" म्हटलं, की समोरून पहिला प्रश्न येतो, "किती लाइनची देऊ? दोन, पाच, बारा, सोळा?" नवखा माणूस इथेच अडकतो. जास्त लाइन म्हणजे जास्त चांगली असा सरळ हिशोब करून तो सोळा लाइनची पेटी घेऊन घरी येतो आणि पुढे त्यातली एक आडवी आणि एक उभी अशा दोनच रेषा वापरतो. लाइनींचा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याची पाळी नंतरची. आधी काम कुठलं, मग अंतर आणि उजेड किती, हे ठरायला हवं. शिवाय घेतलेली लेव्हल खरंच लेव्हल दाखवते का, हे स्वतःच्या भिंतीवर तपासता आलं पाहिजे. खोक्यावर छापलेली अचूकता कारखान्यातली असते. कुरिअरच्या गाडीतून आणि चार गोदामांतून ती तुमच्या दारापर्यंत टिकली की नाही, हे खोका सांगत नाही.

वाघोली, पुनावळे, आंबेगाव अशा भागांत नव्या फ्लॅटचा ताबा घेऊन अंतर्गत काम काढणारे, जुन्या घराची डागडुजी स्वतः करणारे आणि फर्निचर, टाइल्स, पीओपीच्या धंद्यात नुकतेच उतरलेले, अशांसाठी हे लिहितो आहे. ज्यांनी साइटवर दहा वर्षं काढली आहेत त्यांना यातलं बरंच ठाऊक असेल. त्यांनी तपासणीचा भाग तेवढा वाचावा, कारण तो धंद्यातलेही सर्रास टाळतात.

यंत्राच्या पोटात काय असतं

रोजच्या वापरातल्या लेझर लेव्हलमध्ये एक छोटा लोलक टांगलेला असतो. म्हणजे ओळंब्याचंच तत्त्व. त्या लोलकावर लेझर डायोड बसवलेला असतो आणि समोर भिंग किंवा काचेचा शंकू असतो, जो ठिपक्याची रेषा करतो. लोलक हलत राहू नये म्हणून चुंबकाने त्याला आवर घातलेला असतो. यंत्र थोडं तिरकं ठेवलं तरी लोलक स्वतः सरळ होतो आणि दोन-चार सेकंदांत रेषा स्थिरावते. ही सवलत साधारण ३ ते ४ अंशांपर्यंतच. त्यापुढे यंत्र कललं की रेषा लुकलुकते किंवा बीप वाजतो. तो बीप म्हणजे "या रेषेवर विश्वास ठेवू नका" असा निरोप. आवाजाची कटकट होते म्हणून बटण दाबून तो बंद करणारे कारागीर पाहिले की धडकी भरते.

लेझर आली म्हणून जुनी साधनं अडगळीत टाकायची नाहीत. एका खोलीतली पातळी दुसऱ्या खोलीत न्यायची, मध्ये भिंत आणि दोन वळणं, अशा वेळी पाण्याची पारदर्शक नळी आजही बिनतोड आहे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही की दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीत उभं राहणारच. तिला सेल लागत नाही आणि कॅलिब्रेशनही नाही. दोन फोटो आणि एक घड्याळ लावायचं असेल तर दोन फुटी पाणसळ पुरते. तेवढ्यासाठी लेझर घेऊ नका.

पहिली पायरी: कामांची यादी करा

कागद घ्या आणि पुढच्या वर्षभरात खरोखर होणारी कामं लिहा. मनातली नव्हे, होणारी. पडद्यांचे रॉड, भिंतीवरची कपाटं, टीव्ही युनिट, किचनच्या ट्रॉल्या, बाथरूमच्या टाइल्स, फॉल्स सीलिंग, गच्चीचा उतार, गावाकडच्या प्लॉटवरचं जोतं. या यादीतून यंत्र आपोआप ठरत जातं.

रॉड, कपाटं, टीव्ही युनिट एवढंच असेल तर एक आडवी आणि एक उभी रेषा देणारी साधी क्रॉस लाइन लेव्हल भरपूर झाली. एका वेळी एकाच भिंतीवर काम चालतं.

टाइल्स आणि किचनला मात्र सगळ्या भिंतींवर एकच पातळी एका वेळी दिसणं फायद्याचं ठरतं. इथे ३६० अंशांची आडवी रेषा हवी. यंत्र खोलीच्या मध्यात ठेवलं की चारही भिंतींवर कडं उमटतं. फॉल्स सीलिंगवाल्यांनाही हेच लागतं, पण त्यांनी आणखी एक गोष्ट बघावी: आडवी रेषा यंत्राच्या कुठल्या उंचीवरून निघते? ती माथ्याजवळून निघत असेल तर यंत्र भिंतीला, छताच्या अगदी जवळ टांगून सीलिंगच्या चौकटीची पातळी थेट मिळते. मधूनच निघत असेल तर छताखाली तेवढी जागा सोडावी लागते.

पार्टिशन उभारायचं, फरशीवर काटकोन काढायचा, वर-खाली-बाजूला एकदम जुळवायचं, तर एक आडवं आणि दोन उभी अशी तीन प्रतलं लागतात. दुकानातली "बारा लाइन" ती हीच. तीन पूर्ण कडी, प्रत्येकाच्या चार बाजू मोजल्या की झाल्या बारा. सोळा लाइनवाल्यात आणखी एक कडं असतं, बहुधा जमिनीलगतचं, फरशीच्या कामासाठी. पाच लाइनच्या यंत्रात रेषा पूर्ण कडं करत नाहीत. प्रत्येक डायोड सुमारे १२० अंशांचा पंखा टाकतो आणि असे पंखे एकमेकांना जोडून रेषा तयार होते. हे सांधे नीट जुळतात का ते घेतानाच बघायचं.

प्लॉट, जोतं, कंपाउंडची भिंत, मोठी गच्ची ही कामं वेगळ्या जातीची. तिथे फिरणारी रोटरी लेझर आणि तिचा किरण पकडणारा रिसीव्हर लागतो, नाहीतर सर्व्हेवाल्यांची दुर्बिणीची ऑटो लेव्हल आणि मापाची उभी पट्टी. मुळशीकडे किंवा भोरकडे फार्महाउसचं जोतं एकदाच आखायचं असेल तर विकत घेण्यात अर्थ नाही. सर्व्हेची उपकरणं भाड्याने मिळतात आणि चालवणारा माणूसही मिळतो.

दुसरी पायरी: अंतर आणि उजेड

पुण्यातल्या नेहमीच्या फ्लॅटमध्ये बेडरूम ३ ते ४ मीटरची आणि हॉल ५-६ मीटरचा. खोक्यावर "रेंज ३० मीटर" असं लिहिलेलं असतं. ते अंधाऱ्या किंवा मंद उजेडाच्या खोलीतलं माप. बाणेरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये भिंतभर काचेची खिडकी आणि दुपारचं ऊन असेल तर तीच रेषा निम्म्या अंतरावरही शोधावी लागते.

इथे लाल की हिरवी हा प्रश्न येतो. उजेडात माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या-पिवळ्या रंगाला सर्वांत जास्त ओळखतो. हिरव्या लेझरची तरंगलांबी ५१५ ते ५३२ नॅनोमीटर, लाल लेझरची ६३५ ते ६५०. म्हणून तेवढ्याच शक्तीची हिरवी रेषा डोळ्याला बरीच ठळक दिसते. ती जास्त अचूक असते असं मुळीच नाही. दिसायला सोपी, एवढंच. त्याची किंमत दोनदा मोजावी लागते: एकदा गल्ल्यावर, दुसऱ्यांदा बॅटरीत, कारण हिरवा डायोड जास्त खातो. दिवसा उजेडात टाइल्स लावून घेणार असाल तर हिरवीच घ्या. संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर ट्यूबलाइटखाली कपाटं लावणार असाल तर लाल पुरेशी आहे, त्यातून वाचलेल्या पैशांत चांगला स्टँड येतो.

भर उन्हात मात्र दोन्ही हरतात. गच्चीवर दुपारी बारा वाजता रेषा शोधत बसू नका. तिथे रिसीव्हर लागतो. तो लेझरचे स्पंद पकडतो आणि वर-खाली बाण दाखवतो. घेण्याआधी आपल्या यंत्रात पल्स मोड, म्हणजे असे स्पंद सोडायची सोय, आहे ना हे बघा. नसेल तर रिसीव्हर बाजूला पडून राहील. काही रिसीव्हर फक्त लाल किंवा फक्त हिरवा प्रकाश ओळखतात, म्हणून दोन्ही वस्तू एकत्र जोडून पाहूनच पैसे द्या. रिसीव्हर नको असेल तर गच्चीची आखणी सूर्य कलल्यावर करा. कित्येक जण तेच करतात.

यंत्राबरोबर मिळणारा लाल किंवा हिरवा चष्मा डोळ्यांच्या संरक्षणाचा नसतो, रेषा ठळक दिसावी म्हणून असतो. तो घालून किरणाकडे बघणं हा निव्वळ मूर्खपणा.

तिसरी पायरी: अचूकतेचे आकडे एका मापात आणा

एका खोक्यावर "±३ मिमी, १० मीटरला", दुसऱ्यावर "±०.३ मिमी प्रति मीटर", तिसऱ्यावर "±१ मिमी, ५ मीटरला", चौथ्यावर "±१/८ इंच, ३० फुटांना". ग्राहकाने गोंधळावं अशीच ही मांडणी. सगळं मिलिमीटर प्रति मीटरमध्ये आणा. पहिली दोन एकच आहेत, ०.३. तिसरी ०.२. चौथी जवळपास ०.३५.

साइटच्या भाषेत सांगायचं तर एक सूत म्हणजे १/८ इंच, सुमारे ३ मिमी. ०.३ ची लेव्हल १० मीटरवर एक सुतापर्यंत चुकू शकते. तुमच्या ४ मीटरच्या बेडरूममध्ये ती चूक १.२ मिमी. घरकामाला हे चालतं. ५ मीटरवर रेषेचीच जाडी सुमारे २ मिमी असते, त्यामुळे "माझी ०.२ ची, तुझी ०.३ ची" हा वाद खोलीत निरर्थक ठरतो. रेषेचा मध्य धरायचा की वरची कड, हे एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच धरा. निष्काळजीपणे एकदा वरची आणि एकदा खालची कड धरली तर यंत्राने वाचवलेले दोन मिलिमीटर पेन्सिलीने घालवले.

हा आकडा फक्त यंत्र बरोबर असेल तरच खरा. कुठल्याशा अनोळखी ब्रँडनेही ०.२ छापलेलं असतं. छापायला शाई लागते, एवढंच.

बाकीच्या गोष्टी, पटापट

लोलकाला कुलूप हवंच. खटका ओढून ते बंद होतं आणि यंत्र नेताना लोलक हलत नाही. ॲक्टिवाच्या डिकीत यंत्र टाकून सिंहगड रोडचे गतिरोधक ओलांडायचे असतील तर हा खटका यंत्राचं आयुष्य ठरवतो. काही यंत्रांत खटका बंद ठेवूनही रेषा लावता येते, ती मुद्दाम तिरकी आखणी करण्यासाठी, जिन्याच्या रेलिंगसारख्या कामाला. त्या वेळी रेषा पातळीत नसते हे यंत्र लुकलुकून सांगतं.

बॅटरी लिथियमची असेल तर ती काढता येते का बघा. आतच सील केलेली बॅटरी दोन-तीन वर्षांनी दमली की अख्खं यंत्र दमतं. साध्या पेन्सिल सेलवर चालणारं मॉडेल गरीब वाटतं खरं, पण सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात.

स्टँडच्या खालचा आटा बघा. १/४ इंची आटा कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला बसतो, ५/८ इंची सर्व्हेच्या ट्रायपॉडला. चांगल्या यंत्रांना दोन्ही असतात. घरात जुना भक्कम कॅमेरा ट्रायपॉड असेल तर वेगळा घेऊ नका.

धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आकडा आयपी५४ असला तर घरकामाला पुरेसा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पीओपी घासताना आणि टाइल कटर चालताना उडणारी धूळ काचेवर बसली की रेषा जाड आणि फाटकी दिसते. मऊ स्वच्छ कापडाने पुसा, शर्टाच्या बाहीने नको.

आणि लेझरचा वर्ग. घरात लहान मुलं असतील तर वर्ग २ चंच यंत्र घ्या. त्याची शक्ती १ मिलिवॉटच्या आत असते आणि डोळा आपोआप मिटतो तेवढ्या पाव सेकंदात इजा होत नाही, या हिशोबावर तो वर्ग बेतलेला आहे. ३आर वर्गात ५ मिलिवॉटपर्यंत जातं. हे सगळं आयईसी ६०८२५-१ या आंतरराष्ट्रीय मानकातलं आहे आणि वर्गाचं पिवळं लेबल यंत्रावर असायलाच हवं. लेबलच नसेल तर खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.

दुकानात असताना

बॉश, डीवॉल्ट, स्टॅनले, मकिता ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्याखाली चिनी बनावटीच्या यंत्रांचं मोठं जग आहे, आणि त्यातली सगळीच वाईट नाहीत. साध्या क्रॉस लाइन लेव्हल चार आकड्यांत मिळतात, नामांकित कंपनीची तीन प्रतलांची हिरवी घ्यायची तर पाच आकड्यांत जावं लागतं. माझं मत विचाराल तर वर्षातून एक-दोन कामं करणाऱ्याने स्वस्तातली, पण नीट तपासलेली घ्यावी. ज्याचं पोट यावर आहे त्याने पुण्यात सर्व्हिस सेंटर असलेल्या कंपनीचीच घ्यावी, कारण यंत्र बिघडलं की त्याचं काम थांबतं.

काउंटरवर तीन गोष्टी करून बघा. यंत्र चालू करून रेषा समोरच्या लांबच्या भिंतीवर पाडा आणि पेन्सिलीने बारीक खूण करा. मग यंत्राला बोटाने हलकासा धक्का देऊन जरा तिरकं करा आणि सोडा. रेषा परत त्याच खुणेवर आली पाहिजे. दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल तर लोलक अडखळतोय, ते यंत्र नको. दुसरं, ३६० अंशांचं यंत्र असेल तर जागेवरच पाव-पाव फिरवत चारही बाजू त्याच खुणेवर आणा. उंची बदलत जाते का पाहा. तिसरं, यंत्र मुद्दाम जास्त कलतं करा. बीप वाजतो ना? रेषा लुकलुकते ना?

दुकानदार यावर वैतागला तर ती माहिती आहे, उपयोगी पडते. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि नंबर लिहून घ्या. ऑनलाइन घेतलीत तर परतीची मुदत संपायच्या आत पुढची तपासणी करा. पेटी कपाटावर ठेवून दिवाळीनंतर उघडण्यात शहाणपणा नाही.

घरी आल्यावर: भिंतीवरची परीक्षा

समोरासमोर दोन भिंती, मध्ये सुमारे ५ मीटर अंतर अशी जागा शोधा. हॉल चालतो, सोसायटीचं पार्किंगही चालतं. एका भिंतीला अ म्हणा, दुसरीला ब.

यंत्र स्टँडवर लावून अ भिंतीजवळ ठेवा, तोंड अ कडे. रेषा स्थिरावली की अ वर खूण करा. उंची न बदलता यंत्र अर्धं फिरवा, तोंड ब कडे, आणि ब वर खूण करा. आता सगळं उचलून ब भिंतीजवळ न्या. तोंड ब कडेच ठेवून स्टँडची उंची अशी जुळवा की रेषा ब वरच्या खुणेवर बरोबर बसेल. मग उंचीला हात न लावता यंत्र अर्धं फिरवा आणि अ वर रेषा कुठे पडते ते बघा. आधीच्या खुणेत आणि या रेषेत जेवढं अंतर, ती चूक दुप्पट होऊन आलेली आहे, म्हणजे ५ मीटरच्या दुप्पट १० मीटरची. ०.३ च्या यंत्राला इथे ३ मिमीपर्यंत सूट. म्हणजे एक सूत. सहा-सात मिमी निघाले तर यंत्र परत करा.

ही तपासणी रेषेच्या मध्यावरची झाली. रेषा एका बाजूला कललेली तर नाही ना हे वेगळं पाहावं लागतं. यंत्र भिंतीपासून ५ मीटरवर ठेवा, रेषेच्या मध्याशी खूण करा. मग यंत्र हळूहळू फिरवत आधी रेषेचं डावं टोक आणि मग उजवं टोक त्याच खुणेवर आणा. रेषा खुणेच्या वर-खाली दीड मिमीच्या आत राहिली पाहिजे.

उभ्या रेषेला ओळंबा लावा. दाराच्या वरच्या चौकटीला दोरा बांधून लंबक खाली सोडा, तो झुलत असेल तर खाली बादलीभर पाण्यात बुडवा, लगेच शांत होतो. उभी रेषा दोऱ्याच्या वरच्या टोकाला जुळवा आणि खालपर्यंत दोऱ्याशी समांतर जाते का ते बघा. पंखा बंद करा, नाहीतर दोरा आणि तुम्ही दोघंही हलत राहाल.

दोन उभ्या रेषा काटकोनात आहेत का, याला सुताराचा गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) पुरत नाही, तो फार लहान पडतो. ३-४-५ वापरा. फरशीवर दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथून एकीवर दीड मीटर, दुसरीवर दोन मीटर मोजा. त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर अडीच मीटर आलं पाहिजे.

यात एखादी परीक्षा नापास झाली तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. आतले स्क्रू घरच्या भिंतीवर जुळवण्याचे व्हिडिओ बरेच आहेत, पण उघडलेल्या यंत्राची वॉरंटी कोणी पाळत नाही. यंत्र पडलं, गाडीवरून लांब नेलं, पावसाळाभर पडून होतं, की पहिली परीक्षा परत करायची. पंधरा मिनिटांचं काम आहे.

पहिलं काम: मीटर लेव्हल

यंत्र हातात आलं की लगेच ड्रिल घेऊ नका. आधी घर समजून घ्या. खोलीच्या मध्यात यंत्र उभं करा, आडवी रेषा जमिनीपासून सुमारे एक मीटरवर. आता चारही कोपऱ्यांत आणि मधे दोन-तीन जागी टेपने जमिनीपासून रेषेपर्यंत मोजा आणि भिंतीवर मास्किंग टेप चिकटवून त्यावर आकडे लिहा, म्हणजे रंग खराब होत नाही. समजा आकडे आले १००२, ९९८, १००६, ९९४. सगळ्यात लहान आकडा जिथे, तिथे जमीन सगळ्यात उंच. म्हणजे ९९४ चा कोपरा उंच आणि १००६ चा १२ मिमी खाली. किचनच्या ट्रॉल्या किंवा ओट्याची उंची नेहमी या उंच बिंदूपासून धरायची. खोल कोपऱ्यापासून सुरुवात केली तर उंच कोपऱ्यात कपाट बसणारच नाही, आणि सुतार पाय कापत बसेल.

हीच रेषा भिंतींवर पेन्सिलीने कायमची उमटवा. साइटवर तिला मीटर लेव्हल म्हणतात. टाइल्सवाला, सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर सगळ्यांनी मापं हिच्यापासून घ्यायची, जमिनीपासून नाही. प्रत्येकाने आपापली जमीन धरली की स्विचबोर्ड, टाइलचा सांधा आणि ओटा यांचं कधीच जमत नाही, आणि भांडण शेवटी मालकाकडे येतं.

बाथरूमच्या बाबतीत नवखे हमखास एक गोष्ट करू पाहतात: उतार काढायला यंत्र तिरकं लावतात. तसं करू नका. उतार नहाणी ट्रॅपकडे सगळ्या बाजूंनी यायला हवा आणि एक तिरकी रेषा एकाच दिशेचा उतार देते. रेषा सपाटच ठेवा, आणि तिच्यापासून खाली वेगवेगळी मापं मोजा. १:१०० चा उतार धरला तर ट्रॅपपासून १.८ मीटर लांबच्या कोपऱ्यात फरशी १८ मिमी उंच. म्हणजे ट्रॅपजवळ रेषेपासून खाली १०१८ मोजत असाल, तर त्या कोपऱ्यात १०००. दाराजवळचं अंतर १.२ मीटर असेल तर तिथे १००६. अशी प्रत्येक कोपऱ्याची मापं टेपवर लिहून गवंड्याच्या हातात दिलीत की तो ठिय्ये (पातळी दाखवणारे मसाल्याचे ठिपके) बरोबर मारेल. फरशी बसल्यावर एक तांब्या पाणी ओतून बघायची जुनी पद्धत आहेच, ती सोडू नका. सिमेंट ओलं असताना नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

भिंतीच्या टाइल्सना, विशेषतः आजकालच्या दोन बाय चार फुटी टाइल्सना, पहिली ओळ ठरवते. ती ओळ फरशीवर टेकवून सुरू करायची नाही. मीटर लेव्हलपासून खाली मोजून तिची जागा काढा आणि खालची पट्टी शेवटी कापून बसवा. उभी रेषा भिंतीच्या मध्यावर पाडून दोन्ही टोकांना किती कापाव्या लागतात ते आधी बघा. एका टोकाला अख्खी टाइल आणि दुसऱ्या टोकाला चार बोटांची पट्टी, हे घरमालकाला रोज दात घासताना दिसतं.

कपाट किंवा टीव्ही युनिटसाठी ड्रिल मारण्याआधी उभी रेषा जवळच्या स्विचबोर्डवर पाडा. वायरींचा पाइप बहुधा बोर्डातून सरळ वर किंवा खाली जातो. त्या रेषेच्या आसपास भोक नको. लेझर भिंतीच्या आतलं काही दाखवत नाही, पण पाइप कुठून गेला असावा याचा अंदाज तरी देते. दुपारच्या वेळात बहुतेक सोसायट्या ड्रिल चालवू देत नाहीत. तो वेळ आखणीला वापरा, चार वाजता भोकं पाडा.

काम चालू असताना यंत्राला कोणी धक्का दिला तर कळणार कसं? सुरुवातीलाच समोरच्या, जिथे काम नाही अशा भिंतीवर रेषेची एक खूण करून ठेवा. अधूनमधून तिकडे नजर टाका. रेषा खुणेवरून हलली असेल तर त्यानंतरची सगळी मापं परत घ्या. ड्रिल मारत असलेल्या भिंतीवर यंत्र टांगू नका. ब्रॅकेट थरथरतो आणि रेषा नाचते.

जुन्या घरात जरा वेगळं

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात किंवा पन्नास-साठ वर्षांच्या बंगल्यात लेझर लावली की घराचे सगळे दोष एकदम दिसतात. भिंत पोटात गेलेली, छत एका बाजूला दोन बोटं खाली, चौकट तिरकी. तिथे यंत्राचं सगळंच ऐकायचं नसतं. फर्निचर, टाइल्स आणि पाण्याचे उतार यांना खरी पातळीच द्या. पण छताच्या अगदी लगत येणारी पट्टी, कॉर्निस किंवा फोटोंची रांग खऱ्या पातळीत लावली तर ती तिरकी दिसते, कारण डोळा तिची तुलना वरच्या तिरक्या छताशी करतो. अशा वेळी फरक दोन्हींत वाटून घ्यावा किंवा पट्टी छतापासून इतकी खाली आणावी की तुलनाच होणार नाही. यंत्र इथे फक्त फरक किती आहे ते सांगतं, पट्टी कुठे ठोकायची ते घरात राहणाऱ्याने उभं राहून, दारातून बघून ठरवावं.

जुन्या भिंतींचा पोटफुगवटा मोजायलाही उभं प्रतल फार कामाचं. यंत्र भिंतीलगत, रेषा भिंतीपासून साधारण १०० मिमीवर समांतर जाईल अशी जमिनीवर आणि छतावर पाडा. मग जागोजागी पट्टी आडवी धरून भिंत ते किरण हे अंतर मोजा. ८५ आणि ११५ असे आकडे आले तर मागची पट्टी न कापता कपाट बसणार नाही, हे सुताराला मापं देतानाच सांगता येतं.

ठेवायचं कसं

काम संपलं की खटका बंद करा, काच पुसा आणि लेव्हल पिशवीत नव्हे, तिच्या स्वतःच्या पेटीत ठेवा. एसी गाडीतून थेट पावसाळी हवेत काढली तर आतल्या काचेवर दव धरतं. दहा-पंधरा मिनिटं पेटी उघडी ठेवून मगच चालू करा. दोन महिन्यांपेक्षा जास्त पडून राहणार असेल तर पेन्सिल सेल काढून ठेवा, ते गळले की आतले पत्रे खातात. लिथियमची बॅटरी असेल तर ती पूर्ण उतरवून न ठेवता अर्धी भरून ठेवा. आणि यंत्र शेजाऱ्याला उसनं दिलंत तर परत आल्यावर अ-ब भिंतींची परीक्षा घ्या, मगच पुढच्या कामाला लावा.